शीड, पाती आणि कायदा

डीएन या छोट्या बर्फबोटींची जागतिक स्पर्धा एक वर्ष अमेरिकेत, तर पुढच्या वर्षी युरोपात, अशी आलटून पालटून भरते. तारखा बऱ्याच आधी ठरतात. जागा मात्र अगदी शेवटपर्यंत ठरत नाही. आयोजक आधी नुसता प्रदेश सांगून ठेवतात. मग स्थानिक मंडळी एकेक तळं पालथं घालतात, भोकं पाडून बर्फाची जाडी मोजतात, भेगा कुठे आहेत ते बघतात. स्पर्धा दोन-तीन दिवसांवर आली की निरोप सुटतो: अमुक गावाजवळचं अमुक तळं. बोट गाडीच्या टपावर बांधून तयार बसलेले खेळाडू तो निरोप मिळताच शेकडो किलोमीटरचा रस्ता धरतात.

एवढी धावाधाव कशासाठी, तर चांगला बर्फ दुर्मीळ असतो. कडाक्याची थंडी पडली की काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण या खेळाचा खरा शत्रू हिमवर्षाव आहे. चार-सहा इंच भुसभुशीत हिम साचलं की बोटीची पाती रुततात आणि शर्यतीचं मैदान एका रात्रीत नाहीसं होतं. हवा असतो तो काळा बर्फ: नुकताच गोठलेला, टणक, काचेसारखा पारदर्शक, ज्यातून तळ्याचं काळं पाणी दिसतं. असा बर्फ मिशिगन, विस्कॉन्सिन, पोलंडचा मझुरी प्रदेश, स्वीडन, एस्टोनिया किंवा हंगेरीतल्या बालाटोन सरोवरावर हिवाळ्यातले काही आठवडे, कधी काहीच दिवस मिळतो.

बर्फावर शीड उभारून धावायची कल्पना जुनी आहे. नेदरलँड्समध्ये गोठलेल्या कालव्यांवरून अशा बोटी चालत. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीवर धनिकांनी तिचा थाटमाटाचा खेळ केला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे काका जॉन रूझवेल्ट यांची ‘आयसिकल’ ही बर्फबोट जवळजवळ ६९ फूट लांब होती आणि तिचं शीड हजार चौरस फुटांहून मोठं होतं. नदीकाठच्या रुळांवरून जाणाऱ्या आगगाडीला अशा बोटी मागे टाकत. त्या काळात माणसाला याहून वेगवान वाहन ठाऊक नव्हतं. पण असली बोट बांधायला कारागीर लागत, हलवायला नोकरचाकर लागत. सामान्य माणसाच्या हाती हा खेळ आला तो एका वर्तमानपत्रामुळे.

१९३६-३७ चा हिवाळा. अमेरिका मंदीतून अजून पुरती सावरली नव्हती. ‘डेट्रॉइट न्यूज’ या दैनिकानं वाचकांसाठी एक कार्यशाळा चालवली होती. तिथले उस्ताद सुतार आर्ची अॅरॉल आणि त्यांचे जोडीदार नॉर्मन जॅरेट व जोसेफ लॉज यांनी एक छोटी बर्फबोट आखली. घरच्या तळघरात साध्या हत्यारांनी बांधता यावी आणि मोटारीच्या टपावर नेता यावी, एवढीच अट होती. दैनिकाच्या नावातली आद्याक्षरं घेऊन ती डीएन झाली. अंग १२ फूट, डोलकाठी १६ फूट, आडवी फळी ८ फूट आणि शीड ६० चौरस फूट. १९५३ मध्ये या बोटवाल्यांची संघटना उभी राहिली. मूळ मापांचा सांगाडा तिनं आजवर जपला आहे. साहित्य बदललं, लाकडी डोलकाठीच्या जागी आधी अॅल्युमिनियमची आणि मग फायबरग्लासची आली, पण शीड ६० चौरस फुटांच्या पुढे गेलं नाही. त्यामुळे पैसेवाल्यानं मोठं शीड लावून शर्यत विकत घेण्याची सोयच उरली नाही.

बोट म्हणजे काय, तर एक अरुंद लाकडी अंग, त्याखाली आडवी फळी, फळीच्या दोन टोकांना पोलादाचं एकेक पातं आणि नाळेपाशी तिसरं. पुढचं पातं वळतं, तेच सुकाणू. खेळाडू पाठीवर जवळजवळ आडवा पडतो. पाय पुढे, डोकं जेमतेम वर, हातात सुकाणूचा दांडा आणि शिडाची दोरी. बर्फापासून त्याची पाठ वीतभर अंतरावर असते.

या बोटी वाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगानं धावतात, हे ऐकून माणूस आधी शंकाच घेतो. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो जसा सुळकन निसटतो, तसंच इथे घडतं. एका बाजूनं वारा शिडाला रेटतो, दुसऱ्या बाजूनं पात्यांची धार आडवं सरकू देत नाही. दोघांच्या चिमटीत सापडलेल्या बोटीला पुढे सटकण्यावाचून गत्यंतर नसतं. पाण्यातली होडी वेग वाढला की पाण्यानंच अडते. बर्फावर घर्षण इतकं कमी की अडवणारं फारसं काही नसतं. वेग वाढतो तसा समोरून वारा लागतो, तो मूळ वाऱ्यात मिसळतो आणि शिडाला आणखी जोर मिळतो. वाऱ्याच्या दिशेनं जायचं असलं तरी कुणी सरळ जात नाही. सरळ गेलं तर बोट वाऱ्याइतकाच वेग गाठेल आणि शीड लुळं पडेल. म्हणून नागमोडी जातात आणि तरीही वाऱ्यावर सोडलेल्या फुग्याच्या आधी मुक्कामाला पोचतात. चांगल्या वाऱ्यात डीएन ताशी १०० किलोमीटरच्या आसपास जाते.

असं वाहन, आणि त्याला ब्रेक म्हणजे बर्फावर दाबला जाणारा एक दातेरी तुकडा. तो थांबलेली बोट जागेवर धरून ठेवायला बरा, वेगातली बोट रोखायला नव्हे. थांबायचं तर नाळ वाऱ्याच्या तोंडावर आणायची आणि बोट दमेपर्यंत वाट बघायची. त्यासाठी समोर मोकळा बर्फ लागतो. अशा पन्नासेक बोटी एकाच वेळी एकाच तळ्यावर सोडायच्या, तर विचार करायला कुणालाच वेळ मिळणार नाही. मग तो विचार आधीच करून नियमात बांधून ठेवावा लागतो. या स्पर्धेचा नियमग्रंथ या नजरेनं वाचला की त्यातलं प्रत्येक कलम उलगडत जातं.

सुरुवातीचंच बघा. पाण्यावरच्या शर्यतीत होड्या रेषेमागे काही मिनिटं घिरट्या घालतात आणि इशारा होताच धावत्या वेगात रेषा ओलांडतात. बर्फावर घिरट्या म्हणजे अपघाताला आमंत्रण. म्हणून इथे सगळ्या बोटी रेषेवर उभ्या करतात. प्रत्येकीची जागा क्रमांकानं ठरलेली: विषम क्रमांक मध्याच्या एका बाजूला, सम दुसऱ्या बाजूला. एका अर्ध्यानं एका अंगावर वारा घेऊन निघायचं, दुसऱ्या अर्ध्यानं दुसऱ्या. पुढच्या शर्यतीतली जागा आधीच्या शर्यतीतल्या क्रमावरून मिळते. गर्दी मोठी असली तर पात्रता फेऱ्या घेऊन ताफे पाडतात. सोनेरी ताफ्यात आघाडीचे, चंदेरीत त्यामागचे.

रेषेवरचे शेवटचे काही क्षण बघण्यासारखे असतात. शिडं सैल सोडलेली, वाऱ्यात फडफडणारी. प्रत्येक जण आपल्या बोटीच्या कडेला वाकून उभा, एक हात अंगावर, बुटांचे खिळे बर्फात रोवलेले. समोर मध्यावर उभा असलेला पंच झेंडा वर करतो. फडफडाटाखेरीज आवाज नाही. झेंडा खाली येतो आणि पन्नास माणसं बोटी ढकलत जिवाच्या आकांतानं पळत सुटतात. वारा हलका असेल तर हे पळणं लांबतं आणि शर्यत निम्मी तिथेच ठरते. बोटीनं वाऱ्याचा जोर पकडला की माणूस आत उडी टाकतो, आडवा होतो, दोरी खेचतो. उडी घ्यायला क्षणभर उशीर झाला, तर बोट हातून निसटून एकटीच पुढे जाते.

मार्ग साधा आहे: वाऱ्याच्या वरच्या बाजूला एक खूण, खालच्या बाजूला एक, आणि त्यांच्याभोवती ठरलेले फेरे. अवघड आहे ते हे की वर चढणाऱ्या आणि खाली उतरणाऱ्या बोटी एकाच पट्ट्यात एकमेकींसमोर येतात. वर चढणारी ताशी ६० किलोमीटरनं, उतरणारी ८० नं. दोघींमधलं २०० मीटरचं अंतर पाच सेकंदांत संपतं. तिथे कुणी कुणाला वाट द्यायची?

त्याचं उत्तर चार वाक्यांत मावतं. थांबलेल्या बोटीपासून चालत्या बोटीनं दूर राहायचं. उतरणारीनं चढणारीला वाट द्यायची. समोरासमोर आलेल्या दोघींपैकी जिच्या उजव्या अंगावर वारा, तिचा हक्क पहिला. एकाच अंगावर वारा घेऊन शेजारी शेजारी चढणाऱ्या दोघींपैकी वाऱ्याकडच्या बोटीनं सांभाळायचं. तिसरा नियम मूळचा समुद्राचा. मुंबई बंदरातल्या शिडाच्या शर्यतींतही तोच चालतो. फरक इतकाच की पाण्यावर हक्कदार खलाशी ‘स्टारबोर्ड!’ म्हणजे ‘उजवी बाजू!’ अशी हाळी देतो आणि ती ऐकून दुसरा होडी वळवतो. बर्फावर दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, कानात वाऱ्याचा घोंगाट. हाळी ऐकू जाईपर्यंत सामना उरकलेला असतो. म्हणून हक्क असलेल्यानंही आयत्या वेळी दिशा बदलून दुसऱ्याला फसवू नये, असं बंधन आहे. शिट्टी मारून खेळ थांबवणारा पंच इथे जवळ नसतो. तक्रार शर्यत संपल्यावर करायची, तिच्यावर समितीनं सुनावणी घ्यायची.

दुसऱ्या प्रकारचे नियम बर्फाला भिऊन केलेले आहेत. रोज सकाळी सगळ्या खेळाडूंची बैठक होते. भेग कुठे आहे, दोन पाट एकमेकांवर चढून बर्फाचा बांध कुठे उठला आहे, मासे धरणाऱ्यांनी भोकं कुठे पाडली आहेत, याची माहिती तिथे मिळते. डीएनसाठी साधारण चार इंच जाडीचा बर्फ किमान मानतात. हेल्मेट सक्तीचं. त्याशिवाय प्रत्येकाच्या गळ्यात दोन छोट्या मुठी दोरीनं लटकत असतात, प्रत्येकीच्या टोकाला अणकुचीदार खिळा. बर्फ फुटून माणूस पाण्यात पडला तर ओल्या हातांना काठ धरता येत नाही. खिळे रोवून, अंग ओढून बाहेर यायचं, एवढ्यासाठी त्या मुठी. त्या कोटाच्या खिशात ठेवून चालत नाही. गारठलेली बोटं खिशापर्यंत पोचत नाहीत.

इतकी बंधनं असताना कौशल्याला जागा कुठे राहते? मुख्यतः पात्यांत. मुरलेला खेळाडू पात्यांची लाकडी पेटी मुलाला जपावं तशी जपतो. टणक बर्फासाठी वेगळी पाती, वर हिमाची साय असेल तर वेगळी, ऊन पडून बर्फ मऊ झाला तर आणखी वेगळी. धार साच्यात धरून दगडावर घासायची, मग पातं उजेडासमोर धरून एका डोळ्यानं रेषा तपासायची. एका स्पर्धेत किती पाती वापरायची यावरही मर्यादा आहे, नाहीतर हाही पैशांचा खेळ झाला असता. दुसरी जागा म्हणजे फळीची आणि डोलकाठीची लवचीकता. फळी खेळाडूच्या वजनाला जुळती हवी. जोराच्या झोतात डोलकाठी धनुष्यासारखी वाकते आणि शिडातला जादा वारा सोडून देते.

या घासाघाशीतून खेळाबाहेरही काही निपजलं. मिशिगनमधल्या बे सिटीचे गुजन बंधू डीएन बांधायचे आणि पळवायचे. लाकूड हलकं, मजबूत आणि पाण्याला दाद न देणारं व्हावं म्हणून त्यांनी इपॉक्सीचे प्रयोग केले. त्यांचं ‘वेस्ट सिस्टिम’ इपॉक्सी पुढे जगभरच्या बोटबांधणीत वापरलं जाऊ लागलं, आणि पवनचक्क्यांची लाकडी पातीही त्यांनी बनवली. पोलंडचा कारोल याब्वोन्स्की डीएनचा जगज्जेता दहाहून अधिक वेळा झाला. तोच २००७ च्या ‘अमेरिका कप’ या समुद्रावरच्या शिडाच्या शर्यतीत स्पेनच्या बोटीच्या सुकाणूवर होता.

हिवाळे आता भरवशाचे राहिले नाहीत. बर्फ न मिळाल्यानं स्पर्धा पुढे ढकलाव्या लागतात, कधी रद्द होतात. आयोजकांना त्यात कमीपणा वाटत नाही. पातळ बर्फावर शर्यत न घेणं हाही त्यांच्या कायद्याचाच भाग आहे. नव्यानं येणाऱ्याला मात्र दार उघडं आहे. जुनी डीएन परवडण्याजोग्या किमतीत मिळते, आराखडे मिळतात, पाती घासायला शिकवणारे भेटतात. ताफ्यात उतरण्याआधी वाट देण्याचे ते चार नियम तेवढे पाठ हवेत. पाती, फळी, डोलकाठी शिकायला पुढचे दहा हिवाळे मिळतील. हे नियम आठवायला मिळतात पाच सेकंद.