टर्मिनलवर चालतो, सर्व्हरवर का कोसळतो?

समजा, ‘नांदूरघाट’ नावाच्या फाइलची पीडीएफ करणारा प्रोग्राम टर्मिनलवर नीट चालतो, पण वेबसाइटवरून बोलावला की कोसळतो. दोष बहुधा भोवतालच्या व्यवस्थेत असतो. डेबियन लिनक्सवर अपाची सर्व्हर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वेगळ्या युजरच्या नावाने चालतो. त्याला तुमचा पाथ, होम फोल्डर, परवानग्या मिळत नाहीत. भाषेची सेटिंगही मूळची ‘सी’ असते. मग पीएचपीचे ‘एस्केपशेलआर्ग’ हे फंक्शन देवनागरी अक्षरे गाळू शकते आणि फाइल सापडतच नाही.

आधी एरर लॉग वाचा, मग एक्झिट कोड बघा. 127 म्हणजे कमांड सापडली नाही, 126 म्हणजे ती चालवता आली नाही, 139 म्हणजे मेमरीतली चूक. प्रोग्रामचा पूर्ण पाथ द्या आणि सर्व्हरच्या युजरच्या नावाने चालवून पाहा. फाइलला इंग्रजी नाव देऊन पळवाट काढू नका. भाषेची सेटिंग यूटीएफ-8 करा.