अझीम की आझम?

बालमित्रांनो, आपल्या अमळनेरात १९४५ साली महंमद हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. तीच पुढे 'विप्रो' झाली. त्याच वर्षी मुंबईत त्यांना मुलगा झाला, नाव ठेवलं अझीम. १९६६ मध्ये वडील वारले आणि एकविशीतल्या अझीम प्रेमजींवर सगळा कारभार आला.

'अझीम' हा अरबी शब्द, अर्थ थोर. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून फुटतात बरं का! याच मुळाचा 'आझम' म्हणजे सर्वांत थोर. १७०७ मध्ये शाहूराजांना सोडणारा आझमशहा इतिहासात भेटतोच. 'आझिम' मात्र निराळ्या मुळाचा; त्याचा अर्थ निश्चयी. दाखल्यावर एक काना जादा पडला, की मुलाचं नावच दुसरं! पालकांनो, दाखला हाती आला की तिथंच वाचून घ्या.