परदेशी वेतन आणि स्वदेशी कर

निजामी अमलात लातूरच्या व्यापाऱ्याला इंग्रजी मुलखातील बार्शीशी व्यवहार करताना निजामाच्या हाली सिक्क्याचे इंग्रजी कलदार रुपये करावे लागत. आज त्याच लातुरात किंवा नांदेडात एखादा तरुण अभियंता घरी बसून अमेरिकेतील कंपनीची सेवा करतो, वेतन डॉलरांत घेतो, आणि मालक परदेशी असल्यामुळे येथील सरकारचे आपण काही देणे लागत नाही अशा समजुतीत राहतो, ही गोष्ट मला फार चिंतेची वाटते. वर्षातून 182 दिवस वा अधिक काळ भारतात राहणारा मनुष्य निवासी ठरतो व सामान्यतः त्याचे जगभरातील उत्पन्न करपात्र असते. शिवाय सेवा ज्या भूमीवर घडली तेथेच तिचे वेतन उपजले, असे कायदा मानतो.

खरी अडचण वसुलीची आहे. देशी मालक पगारातून कर कापून खजिन्यात भरतो. येथे कचेरीच नसलेला परदेशी मालक बहुधा तसे करीत नाही, म्हणून देय कर 10,000 रुपये वा अधिक होत असल्यास 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर व 15 मार्च या मुदतींत अग्रिम कर स्वतःच भरावा लागतो, अन्यथा दरमहा 1 टक्का व्याज चढते. डॉलरांचे रुपये करताना नियमाने ठरलेल्या तारखेचा स्टेट बँकेचा खरेदी-दर धरतात. कंपनीने नोकराऐवजी कंत्राटदार म्हणून नेमले असेल, तर तेच उत्पन्न व्यवसायाचे ठरते, आणि उलाढाल 20 लाखांपलीकडे गेल्यास जीएसटीची नोंदणीही करावी लागते.