वेस्टर्न चित्रकथेतील विनोद आणि मराठी वाचकाची पूर्वतयारी

मराठी समीक्षेत चित्रकथेला स्थान मिळते ते बहुधा बालवाङ्मयाच्या विवेचनाच्या शेवटी, आणि तेही एखाद्या वाक्यापुरते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील गुराखी, दरोडेखोर आणि शेरीफ यांच्या विनोदी चित्रकथा तर त्या वाक्यातूनही निसटतात. वस्तुतः हा प्रकार विडंबनाचा आहे. विडंबन उमगण्यासाठी मूळ प्रकाराचे संकेत वाचकाच्या मनात आधीच रुजलेले असावे लागतात. अशी अट घालणाऱ्या वाङ्मयाला केवळ मुलांचे मानणे ही वर्गीकरणाचीच चूक होय. मराठी वाचकाजवळ ही पूर्वतयारी होती काय, आणि असल्यास ती कोठून आली, हा खरा प्रश्न आहे.

अडचण शब्दापासूनच सुरू होते. ‘फ्रंटियर’ला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘सीमाप्रदेश’ म्हटले की मराठी माणसाला बेळगाव-कारवार आठवते. अमेरिकन इतिहासात मात्र ही सीमा दोन राज्यांमधली नसून वसाहतीची सतत पश्चिमेकडे सरकणारी कड होती. १८९० च्या जनगणनेनंतर ती कड उरली नसल्याचे जाहीर झाले आणि १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी शिकागो येथे तिच्यावरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. परंतु बफेलो बिलचा ‘वाइल्ड वेस्ट’ हा खेळ त्याआधीच, १८८३ मध्ये, सुरू झाला होता. म्हणजे इतिहास संपण्यापूर्वीच त्याचा तमाशा उभा राहिला होता. या प्रदेशाचा विनोदही जुनाच. डेव्ही क्रॉकेटच्या नावाने १८३५ पासून निघणारी पंचांगे अचाट बातांनी भरलेली असत. मार्क ट्वेनची उड्या मारणाऱ्या बेडकाची कथा १८६५ ची. चेहऱ्यावरची रेषाही न हलविता अशक्य गोष्ट सांगणे हे या परंपरेचे मर्म.

या दोन्ही धाग्यांचा सर्वांत सफाईदार वापर एका बेल्जियन चित्रकाराने करावा, हे गमतीचे आहे. मॉरिस (१९२३–२००१) याचा ‘लकी ल्यूक’ १९४६ च्या अखेरीस प्रथम छापला गेला. १९५५ पासून १९७७ पर्यंत रने गोसिनी याने त्याच्या कथा लिहिल्या. ल्यूक आपल्या सावलीपेक्षाही वेगाने पिस्तूल झाडतो. त्याचा घोडा जॉली जंपर बुद्धिबळ खेळतो आणि रांतांप्लां हा कुत्रा, हॉलिवूडच्या रिन टिन टिनचे विडंबन, शत्रू-मित्र ओळखण्यात हमखास चुकतो. डाल्टन बंधूंचे उदाहरण अधिक बोलके आहे. खऱ्या डाल्टन टोळीचा ५ ऑक्टोबर १८९२ रोजी कॅन्ससमधील कॉफीव्हिल येथे, एकाच वेळी दोन बँका लुटण्याच्या प्रयत्नात, निकाल लागला. मॉरिसनेही आपल्या प्रारंभीच्या एका कथेत त्यांना मारून टाकले होते. पुढे गोसिनीबरोबर त्याने त्यांचे चार चुलतभाऊ कल्पिले: ज्यो, विल्यम, जॅक आणि अ‍ॅव्हरेल. जिन्याच्या पायऱ्यांसारखी त्यांची उंची चढत जाते. सर्वांत बुटका ज्यो सर्वांत संतापी, तर सर्वांत उंच अ‍ॅव्हरेल सदा भुकेला. तुरुंगातून पळताना चौघे एकाच भिंतीला चार वेगळी भगदाडे पाडतात. हा विनोद शब्दात नाही, चित्रात आहे. तरीही तो कळतो तो दरोडेखोराच्या दहशतीची गोष्ट ठाऊक असलेल्यालाच. मूळ रहिवासी आणि चिनी धोबी यांची चित्रे मात्र आज खटकतात. तेथे विडंबन संकेताचे राहत नाही, माणसांचे होते.

मराठीत ही दुनिया आली ती गंभीर चेहऱ्याने. जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी मराठीत आणल्या. ही तीन नावे क्रमाने वाचली तरी सरकत्या कडेचा सगळा इतिहास हाती येतो. कोशातल्या कोणत्याही प्रतिशब्दापेक्षा ती सरस आहेत. चित्रकथेच्या क्षेत्रात मुंबईच्या टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. त्याच्या मराठी आवृत्तीतला वेताळ घरोघरी पोहोचला. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ त्यात अवतरला. दरोडेखोराचा मुलगा, पोलीस अधिकाऱ्याने वाढविलेला, चंबळच्या मुलखात वावरणारा हा नायक म्हणजे वेस्टर्नचे सरळ देशीकरण होते. विनोदाला त्यात फारसा वाव नव्हता. तो वाव आदल्याच वर्षी ‘शोले’ने (१९७५) दिला होता. जय-वीरूला आपणच पकडल्याची बढाई मारणारा सूरमा भोपाली हा क्रॉकेटच्या पंचांगातला इसम म्हणून सहज खपला असता.

ल्यूक मराठी वाचकाला भेटला तो प्रामुख्याने इंग्रजीतून. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील रोजच्या भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये आणि रद्दीची दुकाने हाच इंग्रजी चित्रकथांचा मार्ग होता. (मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली ती १९५७ मध्ये, सरकत्या कडेचा अनुभव या वाचकालाही अगदीच परका नव्हता.) तोवर दरोडेखोर, घोडे आणि ओसाड मुलूख हे संकेत त्याच्या अंगवळणी पडले होते. पूर्वतयारी होती, ती अशी.

उरतो भाषेचा प्रश्न. ल्यूक मराठीत आणायचा तर ‘नराधमा, थांब!’ छापाची पुस्तकी भाषा उपयोगी नाही. द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीत बाता मारण्याची घडीव बोली तयार आहे. नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर ही मंडळी अत्यंत गंभीरपणे बेत रचतात आणि तितक्याच गंभीरपणे तोंडावर आपटतात; निवेदकही हसत नाही. डाल्टनांच्या तोंडी ही बोली शोभेल. मात्र ल्यूकच्या तोंडी ती जाणार नाही. भोकरवाडीचा विनोद गावात रुजलेल्या माणसांचा आहे, आणि ल्यूकला गाव नाही. प्रत्येक अल्बमच्या शेवटच्या चौकटीत तो एकटाच, गाणे गुणगुणत, मावळत्या सूर्याकडे निघून जातो. त्याच्यासाठी तुटक, अल्पाक्षरी प्रमाण मराठीच योजावी लागेल, आणि एकाच पानावर या दोन भाषा शेजारी शेजारी नांदवाव्या लागतील.