चार बाय सहाच्या कागदावर आठ फोटो

प्रवेशाचे आणि भरतीचे अर्ज सुरू झाले, की शिंदखेडा-दोंडाईच्यातल्या स्टुडिओंत पासपोर्ट फोटोंची घाई सुरू होते. ४ बाय ६ इंची कागदावर आठ फोटोंची जुळणी घरीही करता येते. 'फोटोपी' हे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये फुकट चालते. फोटो सर्व्हरवर जात नाही, सगळे काम आपल्याच संगणकावर होते.

आधी हिशेब. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे आडवा कागद १८०० बाय १२०० पिक्सेलचा. अनेक अर्जांना लागणारा ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा होतो. एका ओळीत चार फोटो १६५२ पिक्सेल घेतात; उरलेले १४८ पाच फटींत वाटले की प्रत्येकी सुमारे २९. दोन ओळींची उंची १०६२. उरलेले १३८ तीन फटींत ४६-४६.

फोटोपीमध्ये कागदाच्या मापाची, १८०० बाय १२०० पिक्सेलची पांढरी फाइल उघडा. फोटो ताणू नका, चेहरा चपटा होतो. प्रमाण राखून ४१३ बाय ५३१ मापात कापा. कापलेला फोटो पांढऱ्या फाइलमध्ये आणा, सात प्रती काढून जागेवर सरकवा. कात्री नीट चालावी म्हणून प्रत्येक फोटोभोवती बारीक करडी रेघ द्या. शेवटी जेपीजी काढा.

दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, एरवी दर्जा घटतो. छपाई शंभर टक्के मापात सांगा आणि पहिला फोटो पट्टीने मोजून घ्या.