धरणीकंपाचा माग

१२ जून १८९७ ची सायंकाळ. त्या काळी आसामात मोडणाऱ्या शिलाँग पठाराची भूमी एकाएकी डळमळू लागली आणि शहरातील दगडी इमारती पाहता पाहता जमीनदोस्त झाल्या. सुमारे दीड हजार माणसे प्राणांस मुकली.

भारतीय भूगर्भसर्वेक्षण खात्यातील रिचर्ड ऑल्डहॅम यांनी या उत्पाताचा कसून अभ्यास केला. दूर इटलीतील यंत्रांवरही त्याच्या रेघा उमटल्या होत्या. त्यांवरून १९०० साली ऑल्डहॅम यांनी दाखवून दिले की, भूकंपाच्या लहरी एकाच जातीच्या नसतात. पहिली लहर वेगवान. ती खडकाला दाबीत व ताणीत पुढे जाते. दुसरी मंदगती, ती खडकाला आडवे हालविते. पृष्ठभागावरून येणाऱ्या लहरी सर्वांत मागाहून पोहोचतात.

लहरींच्या या मागेपुढे येण्यातच भूकंपमापनाचे मर्म आहे. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने ऐकू आला, यावरून ती किती दूर पडली हे आपण ताडतो. तोच हा न्याय. पहिल्या दोन लहरींत दहा सेकंदांचे अंतर पडले, तर भूकंपाचे स्थान स्थूलमानाने ऐंशी किलोमीटर दूर असते. तीन ठिकाणांहून अशी अंतरे मिळाली, की नकाशावर त्यांची वर्तुळे काढून ते स्थान निश्चित करता येते.

परंतु हा प्रदेशच इतका अस्थिर का? भारताचा भूखंड दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. ईशान्येस तो एकीकडे तिबेट व दुसरीकडे ब्रह्मदेश यांच्या कोपऱ्यात सापडला आहे. वाकविलेल्या वेताप्रमाणे खडकांत ताण साठत जातो आणि तो असह्य झाला की खडक मोडतो.

१५ ऑगस्ट १९५० च्या रात्री असेच घडले. ८.६ प्रतीच्या त्या भूकंपाने डोंगरकडे कोसळले, नद्यांचे प्रवाह अडले. पुढे काही दिवसांनी सुबनसिरीवरील बांध फुटला आणि भूकंपातून वाचलेली शेकडो माणसे पुरात बुडाली. म्हणूनच धक्का थांबला तरी डोंगर व नद्या यांच्यावरची नजर काढून चालत नाही.

ग्रहणाची घटका पंचांगात आधी मांडता येते. भूकंपाची मात्र अद्याप मांडता येत नाही. यंत्रे सांगतात ती जागा, खोली आणि जोर. घर कसे बांधावे, हे माणसानेच ठरवावयाचे असते. १८९७ नंतर आसामात लाकडी सांगाड्याची, बोरूच्या कुडावर गिलावा दिलेली हलकी घरे रूढ झाली. ती धक्क्याबरोबर डोलतात. सहसा कोसळत नाहीत. आता त्यांच्या जागी सिमेंटचे मजले चढत आहेत, आणि नदीच्या गाळावर धक्क्याचा जोर वाढतो. २८ एप्रिल २०२१ रोजी सोणितपूरजवळ झालेल्या भूकंपाने भिंतींना तडे गेले, जमीनही भेगाळली. मातीखालचा ताण विसरत नाही. विसरतो तो माणूस. ती विस्मृती टाळणे, हेच भूकंपलेखनाचे खरे प्रयोजन होय.