उगवणीपूर्वीचें तणनाशक व गुंठ्याचें माप

खरिपांतील पहिला महिना ज्याच्या हातून निसटला, त्याच्या पिकावर तणानें ताबा मिळविला असें समजावें, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. सोयाबीनचें शेत तर पेरणीपासून ३० ते ४५ दिवसपर्यंत तणमुक्त राहणें अत्यंत अगत्याचें असतें. नेमक्या याच दिवसांत पावसाची झड लागून कोळपें घालतां येत नाहीं, आणि साऱ्या गांवाची निंदणी एकदम निघाल्यानें मजूर बाया मिळत नाहींत. म्हणून पेरणी होतांच, पीक व तण उगवण्यापूर्वी, जमिनीवर तणनाशक फवारण्याची चाल गांवोगांव पडली आहे. त्यांपैकीं पेंडीमिथॅलीन ३० टक्के ई. सी. हें पिंवळें औषध पुष्कळांच्या परिचयाचें आहे. तें मापानें दिलें कीं अदमासानें, यावर त्याचें सारें यशापयश अवलंबून असतें. माझा स्वतःचा अदमास चुकला, म्हणूनच हा लेख लिहिण्याचें धाडस करीत आहें.

मी महसूल खात्यांत कारकुनी करून सेवानिवृत्त झालों. दुसऱ्यांच्या सातबाऱ्यावरील पोटखराब्याचा आंकडा वेगळा लिहिण्यांत माझी उमर गेली. पण सन २०२१ च्या खरिपांत स्वतःच्या शेताचा हिशेब करतांना तोच आंकडा विसरलों. एकूण क्षेत्र १ हेक्टर ६० आर, म्हणजे सुमारें ४ एकर. एकरीं १ लिटर या हिशेबानें ४ लिटर औषध आणलें. विहीर, ओढ्याचा कांठ व गाडीवाट मिळून २० आर पोटखराबा होता. तो वजा घातला असता तर साडेतीन लिटर पुरे होतें. फवारणाऱ्या गड्यास सांगितलें, "एका पंपास एक टोपण घाल, आणि आणलेलें सारें संपव." त्यानें हुकूम पाळला. सकाळीं तो झपझप चालला. सायंकाळीं उरलेलें औषध संपविण्यासाठीं बांधाकडच्या पट्ट्यावरून दोनदां फिरला. कांहीं दिवसांनीं मधल्या भागांत तण पिकाच्या वर गेलें, आणि बांधाकडचीं रोपें खुजीं राहून, बुंध्याशीं गांठी येऊन, वाऱ्यानें मोडूं लागलीं. बियाण्याचा पैसा सोसायटीच्या पीककर्जाचा होता; त्यावर निंदणीची मजुरीहि अंगावर पडली. थोरले बंधू म्हणाले, "अरे, औषधच फसवें निघालें." मी म्हणालों, "औषध नव्हे दादा, माझा हिशेब फसवा निघाला."

आतां हें औषध काम कसें करतें तें पाहूं. फवारल्यावर तें जमिनीच्या अगदीं वरच्या थरांत चिकटून राहतें. तणाचें बारीक बीं याच थरांत रुजतें; त्याचा कोंब व मूळ औषधाच्या संपर्कांत येतांच त्यांतील पेशींची वाढ खुंटते आणि तण वर येण्यापूर्वीच मरतें. पिकाचें बीं त्या थराखालीं असतें, म्हणून तें वांचतें. यावरून तीन गोष्टी सहज निघतात. बीं उघडें राहूं नये, मातीनें नीट झांकलेलें असावें. उगवून आलेल्या तणावर हें औषध चालत नाहीं. आणि लव्हाळा व हरळी यांचा यानें बंदोबस्त होत नाहीं, कारण तीं मुख्यतः बियांपासून न येतां जमिनींतील गांठी व कांड्यांपासून फुटतात.

सोयाबीनसाठीं या औषधाचें प्रमाण एकरीं १ ते १.३ लिटर असतें. हलक्या जमिनीस कमी, भारी काळ्या जमिनीस अधिक. त्याच औषधाचे निराळ्या तीव्रतेचे प्रकारहि मिळतात, म्हणून आपल्या डब्याच्या पत्रकावरील आंकडाच अखेरचा मानावा.

माप घेण्याची रीत सोपी आहे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, व असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. फवारणीच्या आदल्या दिवशीं पडीक जागेंत दोरीनें एक गुंठा आंखावा. पंपांत १० लिटर साधें पाणी मोजून घालावें. जो गडी फवारणार त्यानेंच, त्याच पंपानें व त्याच नोझलनें, नेहमींच्या चालीनें तो गुंठा एकवार फवारावा. मग उरलेलें पाणी मोजावें. ५ लिटर खर्च झालें तर एकरीं २०० लिटर पाणी पडतें असें ठरलें, आणि तें योग्य आहे. ३ लिटरच लागलें तर चाल मंद करून पुन्हां मोजावें. आतां औषध एकरीं १ लिटर द्यावयाचें, तर गुंठ्यास २५ मिलिलिटर आलें. १५ लिटरच्या पंपांत ३ गुंठे होतात. म्हणून एका पंपास ७५ मिलिलिटर, आणि तेंहि टोपणानें नव्हे, खुणा असलेल्या मापानें.

फवारणी पेरणीनंतर ४८ तासांच्या आंत करावी. जमीन भुसभुशीत, ढेंकळें फोडलेली व ओली असावी. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर औषधाचा बराच अंश उन्हानें व वाऱ्यानें वायां जातो. पाणी स्वच्छ घ्यावें, कारण गढुळांतील माती औषध धरून ठेवते. पंख्यासारखा चपटा फवारा देणारें नोझल वापरावें, आणि मागें मागें सरत फवारावें, म्हणजे औषधाचा थर पावलांनीं मोडत नाहीं. फवारलेल्या रानांत लगेच कोळपें घालूं नये. मात्र हा थर कायमचा नव्हे. पुढें उगवणाऱ्या तणासाठीं एक कोळपणी हिशेबांत धरावीच.

अंगभर कपडे, हातमोजे व तोंडावर फडकें असल्याशिवाय गड्याच्या पाठीवर पंप देऊं नये, व वाऱ्याच्या तोंडास फवारूं देऊं नये. हें औषध माशांस अतिशय विषारी आहे; म्हणून पंप ओढ्यांत किंवा विहिरीजवळ धुऊं नये. धुण्याचें पाणी फवारलेल्या रानावरच पसरावें.

पुढच्या वर्षीं मीं पोटखराबा वजा घातला, गुंठा आंखला आणि गड्याबरोबर स्वतः चाललों. औषध तेंच होतें, जमीनहि तीच होती. पीक मात्र सारखें उगवलें. ज्यानें आपल्या शेताचा गुंठा मोजला, त्यास दुकानदाराच्या टोपणावर भिस्त ठेवण्याचें कारण उरत नाहीं.